डावीकडं कललेला महादेव

घोटीच्या अलीकडं डोंगराच्या कुशीत एक हेमाडपंती महादेव आहे. चुना नाही, माती नाही. दगडात दगड अडकवून उभं केलेलं देऊळ. दार इतकं ठेंगणं, की पुढारी येवो नाहीतर जावई, वाकल्याशिवाय आत जाणं नाही! कुसाबाई गुरवीण तिथली पूजा करायची. नवरा सावळीराम गेला, तेव्हा गावाला प्रश्न पडला, आता देवाचं कसं? हिनं पदर खोचला नि झाडू उचलला. तोंडानं फटकळ, पण देवळावर तिचा जीव होता.

गावाची रीत अशी, की मोठ्या कामाआधी देवाचा कौल घ्यायचा. ओल्या पिंडीला बेलाचं पान चिकटवायचं. उजवीकडं पडलं तर होकार, डावीकडं पडलं तर नकार. आणि हा देव म्हणजे कायम नकारघंटा! पाया डाव्या अंगानं खचला होता, पिंडीही कलली होती, मग पान दुसरीकडं पडणार कसं? रोज पिंडी धुणाऱ्या कुसाबाईला हे ठाऊक होतं. पण देवाच्या कारभारात आपण कशाला तोंड घालायचं, म्हणून ती गप्प होती.

१९९८ साली सरपंच कारभारी यांनी डोक्यात घेतलं, की हे काळं देऊळ पाडून सिमेंटचं, टाइल्सचं बांधायचं. देव नकारच देणार, हे कुसाबाईला ठाऊक होतं. ती म्हणाली, लावू की कौल. पण कारभारी पक्के बेरकी. गाव जमल्यावर त्यांनी प्रश्नच फिरवला. देवा, जुनं देऊळ ठेवायचं का?

कुसाबाईचा हात पिंडीजवळ थांबला. गप्प राहावं तर देऊळ जातं, बोलावं तर आजवरचे सगळे कौल खोटे ठरतात. गाव सोडेल का तिला?

"पिंडी कललीया," ती म्हणाली. "पान डावीकडंच पडतं. मला लय वर्षांपास्नं ठावं हाय."

झालं! कुणाची विहीर राहिली होती, कुणाची सोयरीक मोडली होती. सगळे तिच्यावर तुटून पडले. तेवढ्यात म्हातारा कोंडाजी काठी टेकत उठला. तरुणपणी घोटीची मुलगी त्याच्या मनात भरली होती. कौल डावा पडला, म्हणून घरच्यांनी शेजारगावची ठकूबाई करून आणली होती. ती तिथंच बसली होती.

"देऊळ सरळ असतं," कोंडाजी म्हणाला, "तर ही मला मिळाली नसती. आता पाडायचंच आसंल तर आधी मला पाडा."

ठकूबाईनं लाजून तोंडाला पदर लावला. गाव पोट धरून हसलं. मग कारभारींनी विचारलं, कौल राहू द्या, देऊळ ठेवायचं कुणाकुणाला? पहिला हात ठकूबाईचा वर गेला.