बिळाच्या तोंडची जाळी

आमच्या माळावरचे केसाळ कोळी माझ्याएवढे कुणालाच ठाऊक नाहीत, असा माझा तोरा होता. शेळ्यांमागं पंधरा वर्षं काढली, बघायला दुसरं होतंच काय? पंज्याएवढा हा कोळी जमिनीत बीळ करून राहतो. मादी एकदा बिळात शिरली की वर्षानुवर्षं तिथंच. दिवस कलला की तोंडाशी येऊन बसते, किडा टप्प्यात आला की झडप. नर मात्र पावसाळ्यात मादी हुडकत भटकतो आणि फार दिवस जगत नाही. मला दोनदा चावला. हात सुजला, ठणकला, बरा झाला.

माळावर कुणाला काही चावलं की आमच्यात आधी जवळचं बीळ बघतात. तोंडाला रेशमी जाळी असली तर कोळी, नसली तर साप. बघायला मलाच बोलवायचे.

पावसाळा सरता सरता वहिनी गवत कापायला माझ्यासोबत आली होती. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. दुपारी तिनं गवताच्या बुडात हात घातला आणि झटकन मागं घेतला. बोटावर दोन ठिपके. मी वाकून बघितलं, बीळ होतं, तोंडाला जाळी होती. मला हसूच आलं.

"कोळी हाय, वैनी. कावून भेता?"

"नक्की का, भावजी?"

"लई नक्की."

तिनं विश्वास ठेवला. भारा बांधून डोक्यावर घेऊन घरी आली. भाऊ मोटारसायकल काढत होता, अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेतो म्हणाला. उगं कशाला हेलपाटा म्हणून मीच त्याच्यावर खेकसलो. मग हळद लावली.

सकाळी राखुंडीनं दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलं, ते थांबेना. हात कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. अंबाजोगाईला डॉक्टरांनी बोट बघितलं, रक्त तपासलं आणि फुरसं चावलंय, जहरी साप, म्हणाले. कालच का आणलं नाही, असं विचारलं. भावानं माझ्याकडं बघितलं. तिसऱ्या दिवशी वहिनी गेली.

दहावं झाल्यावर मी एकटाच माळावर गेलो. जाळी तशीच होती. फाटलेली, धुळीनं माखलेली, कुसळं अडकलेली. कोळी जिता असला की जाळी स्वच्छ ठेवतो, फाटली की नवी विणतो. हे अख्ख्या गावाला मीच शिकवलं होतं. विळ्यानं बीळ उकरलं, आत कोळ्याचे वाळलेले पाय निघाले. रिकाम्या बिळात फुरसं येऊन बसलं होतं. त्या दिवशी दोन पळं नीट बघितलं असतं तर वहिनी आज चुलीपुढं असती.

घरी आलो तर भाऊ ओट्यावर बसला होता. कुठं गेलतास, म्हणाला. मग खाली बघतच त्यानं विचारलं, "बीळ कोळ्याचंच व्हतं का?"

"कोळ्याचंच व्हतं."

"मग तुझा काय दोष, बे," तो म्हणाला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

धुळीचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.