गैरहजर माणसाची बाजू

आमच्या वकीलबाई आपल्याच अशिलाची उलटतपासणी घ्यायच्या, तीही समोरच्याच्या बाजूने. भाईंदर पश्चिमेला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन टेबलांचं ऑफिस होतं. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी बाबांना विचारलं, "जागा नीट न बघता पैसे कसे दिलेत? मी त्याची वकील असते तर म्हणाले असते, हे पैसे तुम्ही त्याच्या धंद्यात घातलेत." बाबांचे कान लाल झाले. जिना उतरताना ते मला म्हणाले, "ही बाई आपली की त्याची?"

बाबा हाटकेशला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करून निवृत्त झाले. घोडबंदरकडे होणाऱ्या एका इमारतीत खोली घ्यायची म्हणून फंडाचे नऊ लाख त्यांनी एजंटच्या खात्यात भरले. इमारत झालीच नाही. जमीनही एजंटची नव्हती. त्याचा फोन बंद झाला. ठाण्याच्या कोर्टात दावा लावला, तर समन्स परत आलं. दाराला चिकटवून झालं, पेपरात नोटीस झाली, तरी तो फिरकला नाही. दावा एकतर्फी चालवायचा हुकूम झाला, त्या दिवशी मी पेढे घेऊन ऑफिसात गेले. "मॅडम, तो येतच नाही म्हणजे आपण जिंकलोच ना?"

त्यांनी पुडा न सोडता बाजूला ठेवला. "तो आला नाही म्हणून आपलं खरं ठरत नाही. उलट आता जास्त नीट सिद्ध करायचं. आपली चूक दाखवायला समोर कोणी नाहीये."

मग कोर्टाच्या हुकुमाने त्यांनी एजंटच्या खात्याचे उतारे बँकेकडून मागवले. ओळीखाली लाकडी पट्टी धरून त्या ते वाचत बसायच्या. घाई केली की म्हणायच्या, "पैसा बोलतो, पण हळू बोलतो." बाबांचे पैसे जमा झाले त्याच दिवशी त्यातले सहा लाख एजंटच्या बायकोच्या खात्यात गेले होते, आणि तिथून एका गाळ्याच्या खरेदीत. बाईंनी बायकोलाही प्रतिवादी केलं, गाळा विकायला मनाई मिळवली. नोटीस घेऊनही ती आली नाही.

एका दुपारी पट्टी एका ओळीवर थांबली. "हे नाव तुमच्या घरातलं का?"

नाव माझ्या मोठ्या भावाचं होतं. बाबांनी पैसे भरल्यावर तिसऱ्या दिवशी एजंटने दादाला पन्नास हजार पाठवले होते. एजंटला आमच्या घरी दादानेच आणलं होतं.

मी म्हणाले, "मॅडम, हे राहू दे ना. बघायला कोण येतंय?"

"मी बघितलंय," त्या म्हणाल्या. "आणि शपथपत्रावर सही तुमच्या बाबांची असणार. त्यांना शपथेवर अर्धवट बोलायला लावू? भावाला घेऊन या. आणि इथे कोणी त्याच्यावर ओरडायचं नाही."

दादा आला. बाईंनी आधी त्याला पाणी दिलं, मग उतारा पुढे केला. तो खाली बघून म्हणाला, "गिऱ्हाईक आणलं म्हणून कमिशन बोलला तो. मला वाटलं, खोली खरीच आहे. टेम्पोच्या हप्त्यात गेले पैसे. नंतर सांगायची हिंमत नाही झाली."

"म्हणजे तुम्हीही फसलात. पण लपवलंत, ते तुमचं. बाबांना तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"मी सांगतो."

त्याने सांगितलं. बाबा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. दादाने मित्राकडून उचल घेऊन पन्नास हजार बाबांच्या खात्यात भरले. बाईंनी ते सगळं शपथपत्रात लिहिलं आणि तेवढी रक्कम मागणीतून वजा केली. न्यायाधीशांनी ते वाचून बाबांना विचारलं, "हे स्वतःहून सांगताय?"

"हो साहेब," बाबा म्हणाले. "मुलगा आहे माझा. त्यानेच सांगितलं मला."

परत येताना बाबा टेम्पोत पुढे, दादाच्या शेजारी बसले.

निकाल आमच्या बाजूने लागला. गाळ्यावर जप्ती आली, तेव्हा कुठे एजंटला कोर्टाचा रस्ता सापडला. लिलाव टाळायला त्याने सगळी रक्कम भरली. बाबांची खोली काही झाली नाही, पण म्हातारपणाचा आधार परत आला.

गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला म्हणून बाईंनी ऑफिस बंद केलं आणि बहिणीकडे पुण्याला जायचं ठरवलं. मला फोन आला, "तुमच्या भावाला पाठवाल का?" दादा गेला, तर त्यांनी कपाटाची किल्लीच त्याच्या हातात ठेवली. "यात लोकांचे मूळ कागद आहेत. ज्याचे त्याला पोचवायचे. यादी आत आहे. मी बरोबर येत नाही."

दादाने दोन दिवस दुसरं भाडं घेतलं नाही. डोंगरीपासून मीरा रोडपर्यंत घरोघर जाऊन कागद दिले, पोच घेतली. शेवटचा लिफाफा आमचा होता. बाबांनी चष्मा लावून सगळे कागद तपासले आणि यादीवर सावकाश लिहिलं, 'माझ्या मुलाकडून सर्व कागद मिळाले.'