समोरच्या चाचांचा तलबीना

बसवनगुडीत आमच्या रस्त्यावर कुणी गेलं, की यमाच्या पाठोपाठ त्या घरी समोरचे चाचा पोचत, हातात स्टीलचा डबा घेऊन. डब्यात तलबीना असे, म्हणजे जवाचं पीठ दुधात शिजवून वर मध घातलेली पातळ खीर. ढवळायचं काम चाचींचं, श्रेय चाचांचं. दुःखाच्या घरी ही पाजावी, मनाला विसावा मिळतो, असं पैगंबरांच्या घरापासून चालत आलंय, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की आम्हा हिंदूंनाही ते पाठ झालं होतं. मूळचे बेळगावचे, त्यामुळे आम्हाला मराठीत सांगत, इतरांना कन्नडमध्ये. जातधर्म ते बघत नसत. एकदा तर मृत्यू झालाय की नाही हेही बघितलं नाही. कोपऱ्यावरच्या घरापुढे शामियाना आणि खुर्च्या दिसल्या, हे पडलेल्या चेहऱ्यानं डबा घेऊन शिरले, तर आत बारसं! "सरी, बरं तर, मग बाळंतिणीला द्या," म्हणाले, "तिलाही झोप नाहीच की."

माझे बाबा गेले तेव्हा आईनं अन्न सोडलं. डॉक्टर दवाखान्यात न्यायच्या गोष्टी करू लागले, मी पार घाबरून गेलो. चाचा डबा घेऊन आले, तर आई भिंतीकडे बघत म्हणाली, "सुतकात गोड चालत नाही." दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. "मध काढलाय अक्का. वरचा रागवत नाही, त्याला ठाऊक आहे तुमच्यात कसं ते." आईनं वाटी दूर सरकवली. मी वैतागून म्हणालो, "चाचा, या लापशीनं तिचं दुःख जाणार आहे का?"

"सगळं जातं असं कुठं म्हटलंय?" ते शांतपणे म्हणाले. "स्वल्प कमी होतंय, एवढंच. बाकीचं ठेवून घ्यायचं. आपल्याच माणसाचं असतंय ते."

आईनं वाटी ओढून घेतली. दुसऱ्या घासाला ती रडली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. चाचा मात्र खिडकीबाहेरच्या रिक्षा न्याहाळत बसले होते.

पुढे मुलानं दोघांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला नेलं, उंच इमारतीत. परवा तिकडे काम निघालं म्हणून डोकावलो. चाचा वाळले होते, बोलायची हौस तेवढी शिल्लक होती. "इथं कोण गेलं ते कळतच नाही बघ. फोनवर हात जोडलेली चित्रं येतात, तोवर खालची अॅम्ब्युलन्स निघून गेलेली असते. एकदा कळलं, मी स्वतः शिजवून डबा नेला. माणसानं दार उघडून विचारलं, ऑर्डर कुणाची? बंद केलं की दार!"

मी हसलो. "मग डब्याचं काय केलंत?"

"मीच खाल्ला," चाचा म्हणाले. "तुझी चाची जाऊन फार दिवस झाले नव्हते. ती गेली तेव्हा कुणी आणला नव्हता."

चाची गेल्या, हे मला तेव्हा कळलं. आणि मी तर रिकाम्या हातानं गेलो होतो.