एका डच माणसासाठी गाऱ्हाणं

माझ्या नवऱ्याने आयुष्यात दोनच माणसांचा पिच्छा पुरवला. एक मी, दुसरा एक डच फुटबॉलपटू. मी होकार दिल्यावर माझा सोडला, त्याचा कधीच नाही.

हे बोटीवर इंजिनरूममध्ये होते. तरुणपणी त्यांची बोट दुरुस्तीसाठी हॉलंडच्या बंदरात अडकली आणि सोबतच्या कुणीतरी ह्यांना सामन्याला नेलं. तिथे हा दिसला. बचावाला खेळायचा. ‘फार पळत नाही गं, पण बॉल येणार तिथे आधीच उभा असतो,’ हे त्याचं वर्णन मला तोंडपाठ आहे. पुढे त्याचा गुडघा गेला, तो प्रशिक्षक झाला आणि त्याची परवड सुरू झाली. आज बेल्जियम, उद्या तुर्कस्तान, परवा आखात. संघ हरला की ह्याला नारळ. हे निवृत्त होऊन रत्नागिरीला घरी आले तरी जेवताना बातमी द्यायचे, ‘काढलानी त्याला.’ त्या दिवशी ताटातला मासा तसाच राहायचा. मला मेलीला त्या माणसाचं नावसुद्धा अजून धड उच्चारता येत नाही.

मग ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. बोलण्यातले शब्द मोजकेच उरले, शिव्या मात्र शाबूत राहिल्या. व्यायाम करून घ्यायला बाई यायच्या, त्यांना त्यातलीच एक ऐकवून हे भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, ‘असे पडून राहिले तर छाती भरेल. मग माझ्या हातात फार काही राहणार नाही.’

काही सुचेना म्हणून एका संध्याकाळी मी मोबाइलवर त्या डच माणसाचा सामना लावला. तेव्हा तो पूर्वेकडच्या कुठल्याशा देशात शिकवत होता. ह्यांनी मान वळवली. मग उशीकडे बोट दाखवलं, म्हणजे बसव. त्या दिवसापासून आमचा सौदा ठरला. आधी उजवा हात उचलायचा, खांद्यापर्यंत, मग सामना. घाम फुटायचा, शिवी यायची, पण हात उचलला जायचा. पावसाळा संपेपर्यंत हे काठी धरून पडवीपर्यंत यायला लागले. मी कौतुक करून शेजाऱ्यांना दाखवत सुटले.

आणि त्याला पुन्हा काढलं.

मी जुने सामने लावून बघितले. निकाल ह्यांना ठाऊक, हे डोळे मिटून घ्यायचे. दुसरा एक डच प्रशिक्षक लावला, तर सगळ्यात घाण शिवी मला ऐकायला मिळाली. पुन्हा भिंत. पेजही ओठांवरून ओघळू लागली. छातीत घरघर सुरू झाली. मी वेड्यासारखी दिवसभर मोबाइलवर त्याच्या नोकरीच्या बातम्या शोधायची. कुणी त्याला घेतंय का, कुठेतरी, कुठल्याही फडतूस संघात. आपल्या मुलाच्या नोकरीसाठी मी इतकी तळमळले नव्हते.

शेवटी शेजारच्या वहिनींना ह्यांच्याजवळ बसवलं आणि एसटीने देवरूख गाठलं. तिथून पुढे माझं माहेर. ग्रामदेवतेच्या देवळात गुरवकाका होते.

‘कोनासाठी गाऱ्हानं घालायचं, बाय?’

‘एका माणसाची नोकरी गेलीय, काका.’

‘आपल्या वाडीतला?’

‘हॉलंडचा.’

‘तो तुजा कोन?’

मी सांगायला गेले आणि रडूच फुटलं. रडत रडत सगळं सांगितलं. काकांनी हसू येऊ दिलं नाही. हात जोडून देवापुढे उभे राहिले. ‘बा म्हाराजा, हॉलंड गावचा जो कोन लेकरू कामावाचून बसलाय, त्याला काम लाव, नि आपल्या माहेरवाशिनीचं कुकू राख.’ अशा वेळी ‘होय म्हाराजा’ म्हणायला एरवी चार गावकरी असतात. त्या दिवशी मी एकटीच होते. मी देऊळभर ऐकू जाईल असं म्हटलं.

आठवडाभरात बातमी आली. मी घाईने ह्यांच्या उशाशी बसून मोबाइल धरला. तो माइकसमोर बसला होता. केस पांढरे, गाल आत गेलेले. सावकाश इंग्रजीत बोलत होता. दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय, पण आता थांबतोय, घरी जातोय, असं म्हणाला. तेवढं इंग्रजी मला कळतं. मला त्याच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली.

मी मोबाइल पालथा घातला. पण ह्यांनी ऐकलं होतं. कित्येक दिवसांत पाहिला नव्हता असा ह्यांचा चेहरा मोकळा झाला.

‘बरं... झालं,’ हे म्हणाले. मग, ‘दमला.’

म्हणाले त्याच्याबद्दल, पण बघत होते माझ्याकडे.

‘तो दमला असेल,’ मी म्हटलं. ‘तुम्ही नाही दमायचं. कळलं ना? तुम्ही नाही.’

ह्यांनी डावा, चांगला हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि लहान पोरीची समजूत घालावी तसा केसांवरून फिरवला. मी तो बाजूला केला. उजवा हात मांडीवर घेतला, बोटं सरळ केली आणि म्हटलं, ‘हा उचला.’

ह्यांनी उचलला नाही.