अबोल्यातलं द्वंद्वगीत

आईबाबांचा अबोला सुरू झाला की घरातलं सगळं दळणवळण माझ्याकडे यायचं. मी एकुलती एक, वय वर्षं दहा. आम्ही मूळचे नागपूरचे, राहायला जयपुरात, झोटवाड्यातल्या दोन खोल्यांत. स्वयंपाकघरातून आई म्हणायची, "सांग तुझ्या बाबाले, पानं वाढली." बाबा दारातच बसलेले, कान शाबूत, तरी माझ्याकडे बघायचे. मी सांगायची, "पानं वाढली." मग ते म्हणायचे, "सांग आईला, आलो." मतलब, माझं वरण रोज गार.

पण त्या वर्षीचा अबोला साधासुधा नव्हता. बाबा बँकेत, सी-स्कीम भागातल्या शाखेत होते. नागपूरला बदली चालून आली आणि त्यांनी आईला न विचारता परस्पर नको म्हणून सांगितलं. का, तर इथला साहेब चांगला! आईला हे कळलं शेजारच्या काकूंकडून. "साहेबासंगच संसार करा म्हणा," असं माझ्यामार्फत कळवून तिने बॅग भरली आणि पलंगाखाली सरकवली. "संक्रांत झाली का मी चालली नागपूरले. अन् वापस येत नाही म्हणा." हा निरोप द्यायला माझी जीभ रेटेना. तशी गरजही नव्हती, बाबा मागेच उभे होते. ते चपला घालून बाहेर निघून गेले, आणि मला रात्री झोप लागेनाशी झाली.

संक्रांतीपर्यंत थांबणं तिला भाग होतं, कारण मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात दोघांचं गाणं ठरलेलं. दरवर्षी तेच, मंडळातल्याच एका आजोबांनी रचलेलं लांबलचक प्रेमगीत. नवरा न सांगता परमुलखात चाकरीला जातो, कैक वर्षांनी परत येतो, आणि ती दार उघडत नाही. आत ती, बाहेर तो, कडव्यामागून कडवी. लोकांना फार आवडायचं.

त्या सकाळी आईने साऱ्या आळीला तिळगूळ वाटला. बाबांचा लाडू माझ्या हातावर ठेवला. "दे नेऊन. गोड नाही बोलले तरी चालते म्हणा."

दुपारी हॉल गच्च भरला. बाहेर गच्च्यागच्च्यांवरून पतंगवाल्यांचं "वो काटा!" चाललेलं. स्टेजवर दोघांच्या मधोमध मी, हातात झांजा. बाबांनी सूर लावला आणि आई माझ्याकडे वाकली. "सांग त्यायले, पट्टी वर गेली." माइक चालू होता. हॉल असा हसला म्हणता! धरणीमायने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

पण बाबा गाऊ लागले तसं हसू विरत गेलं. एरवी ते लोकांकडे बघून मिशीत हसत गायचे. आज आईकडे बघत होते. "उघड गं दार" ही ओळ त्यांनी घेतली, परत घेतली, आवाज फाटला तरी घेतली. तालमींमध्ये ऐकून ऐकून मला त्या गाण्याचा वीट आला होता. त्या दिवशी मात्र मी शब्दन् शब्द ऐकत होते, कारण दाराबाहेरचा माणूस खरोखरच बाहेर उभा होता.

आता ओळ आईची होती. तिने ती घेतलीच नाही. पेटीवाले काका बिचारे एकच सूर धरून बसले. मग ती पुन्हा माझ्याकडे वाकली.

"सांग त्यायले, मले एकदा विचारायचं होतं."

या वेळी कुणी हसलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तोच बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला गप्प केलं आणि थेट तिला म्हणाले, "हो. विचारायचं होतं. चुकलो मी."

आईने नाक ओढलं आणि गायला लागली. रडवेली, बेसूर, पण काय गायली बाप्पा! पहिल्या रांगेतल्या काकू पदराने डोळे पुसत होत्या, आणि मी झांजा वाजवायच्या विसरून दोघांकडे आळीपाळीने बघत बसले.

घरी येताना मी स्कूटरवर पुढे उभी, आई मागे. बाबांनी मान जराशी वळवून तिला विचारलं, "सांगू का साहेबांना, नागपूर चालेल म्हणून?"

"सांगा," आई म्हणाली.

नागपूर! म्हणजे माझी शाळा, गच्चीवरच्या मैत्रिणी, कोपऱ्यावरची कांद्याची कचोरी, सगळंच गेलं की! मला कुणी विचारलं? मी तिथल्या तिथे, स्कूटरवरच, दोघांशी अबोला धरला. पण तो त्यांना कळवायला आता घरात होतं कोण!