कंपनीचा जबाब कोण देणार?

जालना जिल्ह्यातल्या नोकरीतला एक गुन्हा मला अजून जसाच्या तसा आठवतो. त्यातल्या आरोपीमुळे नव्हे, फिर्यादीमुळे. आरोपी सापडला, त्याने तोंड उघडलं, त्याच्यावर दोषारोपपत्र गेलं. त्यात विशेष काही नाही. पण फिर्यादीकडून एक साधं वाक्य वदवून घ्यायला मला जेवढा घाम गाळावा लागला, तेवढा अट्टल दरोडेखोराकडून चोरीचा माल काढायलाही लागला नव्हता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी उपविभागीय पोलीस अधिकारी होतो. माहिती तंत्रज्ञानाचा कायदा नवा होता आणि त्याखालचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावा, अशी तरतूद होती. त्यामुळे उभी हयात घरफोड्या, जनावरांच्या चोऱ्या आणि बांधावरच्या मारामाऱ्या तपासण्यात घालवलेल्या माझ्या गळ्यात हे प्रकरण पडलं. माझ्या कार्यालयातला संगणक तेव्हा प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेला असे. तो उघडायचा मान फक्त माझी कागदपत्रं सांभाळणाऱ्या रीडर हवालदाराला होता, आणि तोही त्यावर पत्ते खेळायचा.

फिर्यादी एका बियाणे कंपनीचा मालक होता. शेतकरी घरातला, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला गृहस्थ. त्याच्या कंपनीने शेतकरी ग्राहकांची माहिती एका वेबसाइटवर साठवून ठेवली होती: नाव, गाव, फोन, कुणी किती रानात कोणतं वाण लावलं, सगळं. ती उघडायला एक मुख्य पासवर्ड होता. बाहेरच्या कुणीतरी आत शिरून ही माहिती उचलली होती, आणि एकदा नव्हे, तीनदा. चोरी झाली की पाठोपाठ गावांमध्ये कंपनीच्या नावाने बनावट बियाणं विकणारे फिरायचे. शेतकऱ्याला नावाने हाक मारायचे, गेल्या साली काय पेरलं तेही सांगायचे. मग कोण संशय घेणार?

"पासवर्ड दोघालाच माहीत, साहेब," मालक म्हणाला. "मला आन् आमच्या ऑपरेटर पोरीला. मी तर माझ्या घरात चोरी करणार न्हाई. मंग राह्यलं कोण?"

फिर्यादीत त्याने त्या मुलीचं नावच घातलं होतं आणि तिला ताबडतोब अटक व्हावी, असा त्याचा आग्रह होता. आग्रह कसला, हट्टच. तो उठून गेला न गेला तोच वरून फोन आला, की शेठ आपले आहेत, लवकर काय ते करा.

मी एक प्रश्न मात्र विचारून ठेवला होता. पहिल्या चोरीनंतर काय केलं? तो म्हणाला, तेव्हाची ऑपरेटर काढून टाकली. दुसरीनंतर? दुसरीनंतर या मुलीला झापलं आणि संगणकाला लिंबू-मिरची बांधली. आता तिसरीनंतर तिलाही कामावरून काढलं. "आणि पासवर्ड?" मी विचारलं. "तो हायेच की," तो म्हणाला. मी त्याला निक्षून सांगितलं, आज घरी जायच्या आधी तो बदला. "करतो, बिलकुल करतो," असं म्हणून तो जीपमध्ये बसला.

चौकशीसाठी बाईमाणसाला ठाण्यात बसवून ठेवणं मला कधीच पटलं नाही. महिला शिपाई सोबत घेऊन मी दिवसाउजेडी तिच्या घरी गेलो. बौद्ध कुटुंब. वडील लोखंडाच्या कारखान्यात कामाला, आई घरी. गल्लीत पोलिसांची गाडी थांबली म्हणून शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि तिची आई त्यांच्याकडे बघावं की आमच्याकडे, या विचाराने भांबावून गेली होती. मुलगी मात्र ताठ उभी होती. तिची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून निवड झाली होती. नेमणुकीच्या आधी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हायची होती. म्हणजे जो अहवाल तिला नोकरी देणार किंवा घालवणार, तो माझ्याच कार्यालयातून जाणार होता, आणि गुन्ह्यात तिचं नाव आलेलं होतं.

"मी न्हाई केलं, साहेब," ती म्हणाली. "पासवर्ड बदला म्हणून किती येळा सांगून राह्यले मी मालकाला. दुसऱ्या चोरीच्या येळी तर हात जोडले."

"मग ते काय म्हणाले?"

"लक्ष्मीपूजनाला गुरुजींच्या हातून ठेवलेला हाय, म्हणले. तवापासून धंद्याला बरकत आली. देवीला जाग्यावरून हलवत न्हाईत, म्हणले."

मला हसू आलं, पण ते मी मिशीतच ठेवलं. या भागात नवा ट्रॅक्टर, नवी मोटर, नवं दुकान, काहीही पूजेशिवाय सुरू होत नाही, आणि त्यात मला वावगं वाटत नाही. पण पासवर्डची प्राणप्रतिष्ठा मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी तिला म्हटलं, "तो पासवर्ड काय आहे, तेवढा सांग."

तिने मान हलवली. आई म्हणाली, "अगं सांग ना, साहेब इचारून राह्यलेत."

"न्हाई, साहेब. तो मालकाचा हाय. मालकानं सांगा म्हणलं तर सांगते."

आई कपाळाला हात लावून बसली. बाहेर येताना महिला शिपाई मला हळूच म्हणाली, "साहेब, ही पोरगी चोर असंल तर मी नोकरी सोडते." माझंही मत तेच झालं होतं. जिच्यावर पासवर्ड फोडल्याचा आळ आहे, ती तो पोलिसांनाही सांगत नाही, आणि तेही नोकरी टांगणीला लागलेली असताना! पण मनातलं मत दोषारोपपत्रात चालत नाही. त्याला पुरावा लागतो.

तिने सांगितलेलं खरं की खोटं, हे पाहायला मी गुरुजींना गाठलं. जांब समर्थकडचे, उतारवयाचे, खणखणीत आवाजाचे. पासवर्ड त्यांनी ठेवला होता हे खरं होतं. त्यांनी आपणहून पुढचंही सांगितलं. दुसऱ्या चोरीनंतर त्या मुलीने त्यांना फोन केला होता. मालक माझं ऐकत नाहीत, तुम्ही तरी बदलायला मुहूर्त काढून द्या म्हणून.

"मग दिलात?"

"मी म्हटलं, कुलूप बदलायला कसला आलाय मुहूर्त? घरात चोर शिरल्यावर मी पंचांग उघडून बसू काय? मालकालाही मी तेच सांगितलं. पण त्यांना माझी पूजा पटते, सल्ला पटत नाही."

हा जबाब मी जसाच्या तसा नोंदवून घेतला. मुलीची बाजू भक्कम झाली, तरी चोर अजून मोकळाच होता.

त्याची खबर केदारखेड्याच्या एका शेतकऱ्याने आणली. खाऊनपिऊन सुखी, चांगली जमीन बाळगून असलेला माणूस. कंपनीचा जुना ग्राहक. बनावट सरकीने त्याचं रान उगवलंच नव्हतं. तो ठाण्यात आला तो रडत नव्हता, भडकलेला होता. "त्यानं माझं नाव घेतलं, पोराचं नाव घेतलं, गेल्या साली वरच्या वावरात काय लावल्तं ते बराबर सांगितलं. मी म्हणलं, हा कंपनीचाच माणूस." विक्रेता जाताना सांगून गेला होता, की माल कमी पडला तर वडीगोद्रीच्या फाट्यावर या.

इकडे वेबसाइट सांभाळणाऱ्या पुण्याच्या लोकांनी आमच्या पत्राला उत्तर दिलं होतं. चोरी ज्या टेलिफोन लाइनवरून झाली, तिचा शोध दूरसंचार खात्याकडून घेतला, तर ती लाइनही वडीगोद्रीचीच निघाली. महामार्गालगत एक एसटीडी-झेरॉक्सचं दुकान, आतल्या बाजूला लाकडी पडदी मारून ठेवलेले संगणक. मी साध्या वेशातले दोघे शेजारच्या हॉटेलात बसवले. पेरण्या अजून चालूच होत्या. बनावट माल विकणाऱ्याला ताजी नावं लागणारच, हा माझा हिशेब होता.

हिशेब बरोबर निघाला. भर दुपारी एकजण जीपमधून उतरून आत गेला आणि संगणकासमोर बसला. आम्ही पंचांसह आत शिरलो तेव्हा कंपनीच्या ग्राहकांची नावं त्याच्यासमोर पडद्यावर झळकत होती. जीपमध्ये बनावट पाकिटं भरलेली. जागेवर पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला आणि त्याला जालन्याला आणलं.

वाटेत माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. हा आत शिरला कसा? फिर्याद दिल्यावर मालकाने पासवर्ड बदलला असेल ना?

आरोपी विज्ञान शाखेचा पदवीधर, आधी कीटकनाशकं विकणारा, बोलका गडी. असल्या माणसाला दरडावायचं नसतं. त्याच्या हुशारीचं कौतुक केलं की तो स्वतःहून भडाभडा बोलतो. मी चहा मागवला आणि म्हटलं, "एवढं अवघड कुलूप कसं फोडलंस रे?"

तो हसला. "अवघड कुठलं, साहेब? त्यांच्या कुलदेवीचं नाव हाय. ते जीपच्या काचेवर हाय, बियाण्याच्या पाकिटावर हाय, त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेत बी होतं. मी पहिल्या झटक्यात तेच टाकलं आन् दार उघडलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्या खेपेला मलाच भरोसा नव्हता. म्हणलं, बदललं असंल. न्हाई बदललं. तिसऱ्या खेपेला तर मला त्याची कीव आल्ती, साहेब. आन् आज म्हणलं, आता पोलीस केस झाली, आता तर बदललंच असंल. सहज टाकून बघितलं."

माझा हवालदार तोंड फिरवून हसत होता. मला मात्र संताप आला. चोराचा नव्हे, चोर चोराचं काम करत होता. संताप त्या माणसाचा आला, ज्याने माझ्यासमोर "बिलकुल करतो" म्हटलं आणि एका मुलीला कोठडीत पाठवायची घाई केली.

आरोपीने मुलीचं नाव घेतलं नाही. ती त्याला ठाऊकच नव्हती. तरी फिर्यादीत तिचं नाव होतं, आणि पडताळणीचा कागद हाताळणारा कारकून फिर्याद वाचतो, तपास वाचत नाही. ते नाव स्वच्छ धुऊन निघायचं, तर फिर्यादीनेच पुरवणी जबाब द्यायला हवा होता. मी मालकाला बोलावलं आणि सगळं सांगितलं.

"चोर सापडला ना? मंग झालं," तो म्हणाला. "आता पोरीचं कशाला उकरून काढता? राहू द्या की संशय म्हणून."

"संशय राहू दिला तर तिची नोकरी जाते."

"तिला मी परत ठेवतो कामावर."

हे तो खरंच उदारपणे म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. आपल्या हातून चूक होऊ शकते, हे वाक्य त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, एवढंच. मी बराच वेळ समजावलं. त्याचं एकच पालुपद होतं: चोरी चोराने केली, मी तर लुटलो गेलो, माझा काय दोष?

केदारखेड्याचा शेतकरी विक्रेत्याला ओळखायला आला होता आणि बाहेर बाकावर बसला होता. आतलं बोलणं त्याच्या कानावर गेलं असावं. तो सरळ आत आला. मी त्याला अडवलं नाही.

"शेठ, तुमी लुटल्या गेलात? तुमचं काय गेलं?" तो म्हणाला. "नाव माझं गेलं, पोराचं गेलं, रान माझं पडीक राह्यलं. मी त्या चोराला वळखत होतो का? मी तुमाला वळखत होतो. माझी माहिती मी त्याला न्हवती दिली, तुमाला दिल्ती."

पहिल्यांदाच मालकाची मान खाली गेली. तो शेतकरी त्याच्याच भाषेत बोलत होता. मालक म्हणाला, "घ्या लिहून, साहेब."

हवालदाराने जबाब लिहायला घेतला. मुलीने पासवर्ड बदलायला वारंवार सांगितलं होतं, तिच्यावरचा आणि तिच्या आधीच्या मुलीवरचा माझा संशय चुकीचा होता, इथपर्यंत ठीक चाललं. पुढचं वाक्य होतं, 'मी पासवर्ड बदलला नाही.' तिथे तो अडला.

"'मी' नका लिहू. 'कंपनीने' लिहा."

मी पेन खाली ठेवायला सांगितलं. "कंपनी म्हणजे कोण? तिला बोलवा. तिचा जबाब मी वेगळा घेतो."

त्याने शेतकऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "लिहा. 'मी'च लिहा."

जबाब वाचून दाखवला, त्याने सही केली. निष्काळजीपणाने लोकांची माहिती सांभाळणाऱ्या कंपनीवर बोट ठेवणारं स्वतंत्र कलम तेव्हा कायद्यात नव्हतं. ते पुढे आलं. म्हणून मी त्याच्यावर काही करू शकलो नाही. चोरावर दोषारोपपत्र गेलं. मुलीचा पडताळणी अहवाल मी स्वतः लिहिला आणि त्याला पुरवणी जबाबाची प्रत जोडली. ती शाळेत रुजू झाल्याचं तिच्या वडिलांनी येऊन सांगितलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पुढे निवृत्तीपर्यंत असली प्रकरणं वाढतच गेली. बँका, पतपेढ्या, दवाखाने, सगळ्यांकडून लोकांची माहिती चोरीला जायला लागली. चोर पकडणं हे आमचं कामच आहे आणि ते आम्ही केलं. पण चोर एकदा आला तर दोष चोराचा, आणि तोच चोर त्याच दाराने पुन्हा आला तर निम्मा दोष दार सांभाळणाऱ्याचा, यावर माझं मत कधी डळमळलं नाही. फिर्याद घ्यायच्या आधी मी प्रत्येक मालकाला, मॅनेजरला, चेअरमनला विचारायचो, मागच्या चोरीनंतर तुम्ही काय बदललं?

"माणूस बदलला," असं उत्तर आलं, की मी आधी त्या काढून टाकलेल्या माणसाला बोलावून घ्यायचो, आणि तो आल्यावर त्याला बसायला खुर्ची द्यायचो.