छातीवर ‘आधी’

तज्ज्ञांनी एक पिवळी चिठ्ठी काढली, तिच्यावर ‘आधी’ असे लिहिले आणि ती माझ्या कोटाच्या खिशावर चिकटवली. तळव्याने दाबून पक्की केली. मग इंग्रजीच्या तरुण प्राध्यापकांच्या शर्टावर दुसरी चिठ्ठी लावली. ‘नंतर’.

“शास्त्रीजी, हलू नका हं. फोटो चाललाय.”

सभागृह हसले.

मी हललो नाही. धोतर, कोट, टोपी, कपाळाला गंध. माझ्या हाती खडू दिला होता, त्या तरुणाच्या हाती लॅपटॉप. सुधारणेपूर्वीचा शिक्षक कसा दिसतो, त्याचा मी नमुना होतो.

“हे फक्त सांगतात आणि मुलं फक्त ऐकतात,” माझ्याकडे बोट करून तज्ज्ञ म्हणाले. माझा एकही तास त्यांनी पाहिलेला नव्हता.

परभणीतल्या एका महाविद्यालयात मी संस्कृत शिकवतो. तासिका तत्त्वावर. दर जूनला प्राचार्यांनी होकार दिला तर वर्ग, नाही तर घर. त्या दिवशी विद्यापीठातून तज्ज्ञ आले होते. विषय होता महाविद्यालयीन अध्यापन आणि अध्ययन यांची सुधारणा. उपस्थिती सक्तीची. नमुन्यासाठी काही विद्यार्थीही बसवले होते.

त्यांत सुजाता होती. पूर्ण्याहून सकाळच्या गाडीने येते. वडील रेल्वेत रुळांच्या कामावर. घर बौद्ध, घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली ती पहिलीच. संस्कृत तिने हट्टाने घेतले आहे, आणि शंका विचारल्याशिवाय ती मला पुढच्या ओळीवर जाऊ देत नाही. तिचा दुसरा विषय अर्थशास्त्र. त्या विषयाला दिवाळीपासून शिक्षक नाही. परीक्षा तोंडावर आलेली. प्राचार्यांकडे ती जाऊन आली होती. ते म्हणाले, “बघू.” मग ती माझ्याकडे आली.

मीच तिला सांगितले, “विद्यापीठातून विद्वान येत आहेत. शिकवणे सुधारावे यासाठीच येत आहेत. त्यांना विचार.”

विद्वानांविषयी माझ्या मनात भक्ती होती. ती मला गंगाखेडला मिळाली. घाटावर आमची पाठशाळा होती. गुरुजी जेवायला बसत, चित्राहुतीसाठी हातात पाणी घेत, आणि तेवढ्यात कोणी पोराने शंका काढली तर ते पाणी ताटाबाहेर सोडून देत. आधी शंका. मग अन्न. शिकवणारा माणूस असाच असतो, अशी माझी समजूत झाली. म्हणून छातीवर चिठ्ठी लागली तरी मी उभा राहिलो. पाहुणे आहेत. आचार्य आहेत. यांच्या मनात काही मोठे असेल.

काय होते त्यांच्या मनात? सकाळी त्यांनी आमच्याकडून पावसाची टाळी वाजवून घेतली. एका बोटाने, मग दोन बोटांनी, मग पूर्ण हाताने. केस पांढरे झालेले प्राध्यापक मांड्यांवर थापा मारून ढग गडगडवत होते. मग तक्ते आले, रंगीत पेन आले. ‘शिकणे म्हणजे काय’ याचे चित्र काढा. एकाने झाड काढले. दुसऱ्याने झाड काढले. सगळ्यांनी झाडेच काढली. तज्ज्ञ म्हणाले, “अप्रतिम!” तक्त्यांचे फोटो झाले, मग ते तक्ते गुंडाळून कोपऱ्यात टाकले. तज्ज्ञ पडद्यावरचे वाक्य वाचत आणि तेच वाक्य आम्हांला समजावत. मुले फक्त ऐकत होती. आम्हीही फक्त ऐकत होतो.

छातीवर चिठ्ठी घेऊन मी अजून पुढे उभाच होतो, तेवढ्यात पडद्यावर नवे शीर्षक आले. ‘प्रश्न विचारणारा वर्ग’.

सुजाता उभी राहिली.

“सर, आमाला अर्थशास्त्राला दिवाळीपासून कोनीच न्हाई. वर्गात मास्तरच न्हाई, तर शिकवनं सुधारायचं कुनाचं?”

तज्ज्ञ हसले.

“कोनीच न्हाई! ताई, आधी प्रश्न शुद्ध विचारायला शिका. अर्थशास्त्र नंतर बघू. आणि हे आजच्या विषयात बसत नाही. प्रश्न शेवटी.”

पुढच्या रांगा हसल्या. घरी जाऊन ‘हाय’ आणि ‘न्हाई’च बोलणारी ती माणसे. विद्यापीठाच्या माणसासमोर आपण त्यांतले नाही, हे दाखवण्यासाठी ती जास्त मोठ्याने हसली.

सुजाता बसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले. विचारायला मीच सांगितले होते.

उच्चारशुद्धी मी आयुष्यभर शिकवत आलो. पहाटे संध्या करताना एक अक्षर घसरले तरी मागे जाऊन पुन्हा म्हणतो. मी सांगतो, तिच्या प्रश्नात अशुद्ध काहीही नव्हते. अशुद्ध होते ते हसू. माझी भक्ती तिथेच विझली. समोर आचार्य नव्हता. उत्तर नसलेला एक माणूस होता, आणि उत्तर नाही हे झाकण्यासाठी तो एका मुलीची बोली चघळत होता.

मी चिठ्ठी उपटली. खडू टेबलावर ठेवला.

“साहेब, तिचा प्रश्न राहिला.”

“बसा, शास्त्रीजी.”

“मला उभे तुम्हीच केलेत. उत्तर आले की बसेन.”

आता कोणी हसले नाही. तज्ज्ञांनी घड्याळ पाहिले. प्राचार्य लगबगीने उठले. “चला चला, जेवण थंड व्हायलंय! श्रीखंड-पुरी हाय आज.” खुर्च्या सरकल्या. तज्ज्ञ माझ्या बाजूने गेले, माझ्याकडे न बघता. अख्खे विद्वन्मंडळ एका प्रश्नापासून पळाले आणि पुरीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

सभागृहात मी आणि सुजाता.

“गुरुजी, चला. ते काय सांगत न्हाईत.”

जेवणानंतर प्राचार्यांनी मला बाजूला घेतले. “शास्त्रीबुवा, तुमचं वय झालंय. कशाला ह्या फंदात पडता? जूनला संस्कृत ठेवायचं का न्हाई, ते बी मलाच बघायचंय.”

“बघा,” मी म्हणालो.

तो फोटो आता सूचनाफलकावर लागला आहे. मी ‘आधी’, तो तरुण ‘नंतर’. खाली ‘कार्यशाळा यशस्वी’. अर्थशास्त्राच्या वर्गाला कुलूपच आहे. मला अर्थशास्त्र येत नाही, आणि येते असे खोटे मी सुजाताला सांगितले नाही. ती एकटी पुस्तक घेऊन बसते. उत्तीर्ण होईल की नाही, मला ठाऊक नाही.

एवढे ठाऊक आहे. तज्ज्ञ पुन्हा येणार. टाळ्या, तक्ते, झाडे, सगळे पुन्हा होणार. प्राचार्यांनी निरोप पाठवला आहे, शास्त्रीबुवा पुढच्या वेळी नाही आले तरी चालेल. मी येणार. जूनला तास बंद केले तरी येणार. दारात अडवले तर दारात उभा राहीन. हाच कोट, हेच गंध. पडद्यावर पहिले वाक्य उमटण्याआधी मी सुजाताचा प्रश्न विचारणार, तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत. मास्तरच न्हाई, तर शिकवनं सुधारायचं कुनाचं?

आणि उत्तर येईपर्यंत मी बसणार नाही.